डबलसीट बसल्यावर मागचे टायर घासते? आधी खूण शोधा, मग पाना उचला

खोपोली, खालापूर, चौक, कर्जत, नेरळ या पट्ट्यातील मोटारसायकल गॅरेजवाल्यांना एक तक्रार वरचेवर ऐकावी लागते. गिऱ्हाईक म्हणते, "एकटा असलो की गाडी मुकी चालते. मागे माणूस बसला की खर्र-खर्र आवाज येतो." पावसाळा सुरू झाला आणि रस्त्याला खड्डे पडले की ही तक्रार वाढते. द्रुतगती मार्गावर दुचाकीला मज्जाव असल्याने आपल्या माणसांची सारी ये-जा जुन्या महामार्गाने, बोरघाटाने आणि खेड्यांना जोडणाऱ्या अरुंद रस्त्यांनी होते. पाताळगंगेच्या काठावरील कारखान्यात कामाला जाणारा असो, की कर्जतच्या बाजारातून तांदळाची गोणी घरी नेणारा असो, त्याच्या शंभर सी.सी.च्या गाडीवर मागची सीट क्वचितच रिकामी असते.

ही तक्रार किरकोळ समजून अनेक ठिकाणी दोन मिनिटांत निकालात काढली जाते. मडगार्ड जिथे लागते तिथे करवतीने कापले, किंवा हातोडीने वर ठोकले, की आवाज बंद आणि गिऱ्हाईक खूश. पण आवाज बंद झाला म्हणजे बिघाड गेला असे नाही. नवशिक्या कारागिरांनी व स्वतःची गाडी स्वतः पाहणाऱ्यांनी या कामाची पद्धतशीर रीत समजून घ्यावी, यासाठी हा पाठ.

घासणे हे लक्षण आहे, रोग नव्हे

एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. गाडी कारखान्यातून बाहेर पडते तेव्हा शॉकअप पूर्ण दबून त्याच्या शेवटच्या रबरावर टेकला, तरी टायर मडगार्डला लागणार नाही एवढी जागा बनवणाऱ्याने सोडलेली असते. म्हणून टायर लागते आहे याचा अर्थ त्या जागेत काही तरी शिरले आहे, काही तरी ढिले झाले आहे, वाकले आहे किंवा बदलले गेले आहे. नुसता शॉकअप नरम झाला तर गाडी बसकी होईल, खड्ड्यात दणका देईल. पण टायर लागण्यासाठी बहुधा दुसरे एक कारण सोबत असते. म्हणूनच फक्त शॉकअपची नवी जोडी टाकून गिऱ्हाइकाचा खिसा हलका केला, तरी महिन्याभराने तीच गाडी तीच तक्रार घेऊन परत येते.

मागचे वजन नेमके कुठे पडते

मागे बसणाऱ्याची जागा मागच्या चाकाच्या जवळजवळ वर असते. समजा दोन चाकांच्या आसांमधील अंतर १२३० मि.मी. आहे आणि मागचा माणूस मागच्या आसाच्या १५० मि.मी. पुढे बसला आहे. त्याचे वजन ६० किलो असेल, तर ६० ला १०८० ने गुणून १२३० ने भागा. सुमारे ५३ किलो एकट्या मागच्या चाकावर येतात. पुढच्या चाकाच्या वाट्याला जेमतेम ७ किलो.

आता मागच्या कॅरियरवर, आसाच्या २०० मि.मी. मागे, २० किलोची गोणी बांधली असे धरा. २० ला १४३० ने गुणून १२३० ने भागले की २३ किलोंहून थोडे अधिक येतात. म्हणजे गोणीच्या वजनापेक्षा जास्त भार मागच्या चाकावर पडतो, आणि तेवढ्या प्रमाणात पुढचे चाक हलके होते. घाट चढताना हा भार आणखी मागे सरकतो. खोपोलीहून खंडाळ्याकडे किंवा नेरळहून माथेरानच्या दस्तुरी नाक्याकडे चढताना हँडल हलके लागते व मागून आवाज येतो, त्याचे कारण हेच. गिऱ्हाइकाला पहिला सल्ला फुकटच देता येतो. ओझे मागच्या टोकाला न बांधता जितके पुढे व खाली घेता येईल तितके घ्या.

आवाज काय सांगतो

पाना हातात घेण्यापूर्वी गिऱ्हाइकाला चार प्रश्न विचारा. आवाज सतत येतो का? फक्त खड्ड्यात येतो का? चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एकदाच येतो का? की वळणावर येतो?

सतत आवाज येत असेल, तर कायम लागणारी वस्तू शोधावी: खाली उतरलेले मडगार्ड, मोठ्या नंबरचे टायर, वाकलेले चेन कव्हर. फक्त खड्ड्यात "धप्प-खर्र" असा आवाज येत असेल, तर शॉकअप तळाला टेकतो आहे. फेऱ्याला एकदा "टक-टक" येत असेल, तर रिमला आउट आहे किंवा टायर रिमवर नीट बसलेले नाही. वळणावर किंवा गाडी कलल्यावर येत असेल, तर मागच्या चिमट्याची, म्हणजे स्विंग आर्मची, बुश किंवा चाकाची बेअरिंग खिळखिळी झाली असावी. एवढ्या विचारपुशीने निम्मे काम होते.

खूण शोधण्याची रीत

गाडी डबल स्टँडवर लावा, इंजिन बंद ठेवा. मडगार्डचा आतला भाग पाण्याने धुऊन पुसून घ्या. आपल्याकडे भातशेतीचा चिखल मडगार्डच्या आत थरावर थर बसून दगडासारखा होतो आणि बोटभर जागा खाऊन टाकतो. कित्येक गाड्यांची तक्रार या धुण्यातच मिटते.

मग बॅटरी घेऊन आत पाहा. टायर जिथे लागते तिथे रंग उडून पत्रा किंवा प्लास्टिक चकचकीत झालेले असते. खूण दिसली नाही, तर रंगारी लोक वापरतात ती कागदी चिकटपट्टी संशयाच्या जागी आतून चिकटवा, मागे माणूस बसवून थोडे अंतर गाडी फिरवा आणि पट्टी कुठे फाटली ते पाहा. टायरवरची खूणही वाचा. मधोमध सबंध गोल रेघ असेल, तर वरची वस्तू लागते. एकाच बाजूच्या भिंतीवर रेघ असेल, तर चाक तिरके आहे किंवा बाजूची वस्तू आत आली आहे. एकाच ठिकाणी डाग असेल, तर दोष रिममध्ये किंवा टायरच्या बसण्यात आहे.

चाक गिअरमध्ये फिरत असताना आत हात घालू नये. चेन आणि स्प्रॉकेटमध्ये बोट सापडायला क्षणही लागत नाही.

तीन मापे घ्या

कागदी फूटपट्टी नको, पोलादी टेप घ्या. मागच्या आसाच्या मध्यापासून सरळ वर, सीटखाली एका पक्क्या जागी खूण करा. पहिले माप डबल स्टँडवर, चाक लोंबते असताना. दुसरे माप गाडी दोन्ही चाकांवर उभी व चालवणारा बसलेला असताना. तिसरे माप दोघे बसलेले असताना. माप घेणारा वेगळा माणूस हवा.

पहिल्या मापातून दुसरे वजा केले, की एकट्याच्या वजनाने गाडी किती बसली ते कळते. चाकाच्या एकूण चालीच्या पाव ते तृतीयांश इतके बसणे ठीक. पहिल्यातून तिसरे वजा केले, की दोघांच्या वजनाने किती चाल खर्च झाली ते कळते. उदाहरणार्थ, एकूण चाल ८५ मि.मी. असून दोघे बसल्यावर गाडी ५५ मि.मी. बसली, तर खड्ड्यासाठी ३० मि.मी. शिल्लक आहेत. तीच ७८ मि.मी. बसली, तर शिल्लक फक्त ७. अशी गाडी प्रत्येक खड्ड्यात तळाला टेकणार. हे आकडे वहीत गाडीच्या नंबरासह लिहून ठेवा. दुरुस्तीनंतर पुन्हा घ्या. गिऱ्हाइकाला दोन्ही आकडे दाखवले, तर पैशावरून वाद उरत नाही.

कारणे एकेक तपासा

मडगार्ड व त्याचे बोल्ट: मडगार्ड धरणारे बोल्ट गळाले, की मागचा भाग खाली लोंबतो. नंबर प्लेट, कॅरियर आणि साडी गार्ड यांचे ओझेही त्यावरच येते. बोल्ट बसवताना त्याचे डोके आत, टायरच्या बाजूला, आणि नट बाहेर असावा. उलट बसवला तर आट्यांचे टोक आत राहते आणि टायरला करवतीसारखे कापते. मागच्या दिव्याची वायरही याच मडगार्डच्या आतून जाते. तिची क्लिप निघाली तर टायर वायर कापून टाकते. मागचा दिवा बंद झाल्याचे चालवणाऱ्याला कळत नाही, आणि रात्री घाटात मागून येणाऱ्या ट्रकला गाडी दिसत नाही. घासण्याची तक्रार आली की दिवा व ब्रेक लाइट तपासल्याशिवाय गाडी देऊ नये.

टायरचा नंबर: रुबाबासाठी जाड टायर टाकण्याची हौस वाढली आहे. नंबर वाचायला शिका. ८०/१००-१८ या टायरची रुंदी ८० मि.मी., भिंतीची उंची रुंदीच्या १०० टक्के म्हणजे ८० मि.मी., आणि रिम १८ इंची म्हणजे ४५७ मि.मी. एकूण उंची ४५७ अधिक १६०, म्हणजे ६१७ मि.मी. त्याऐवजी १००/९०-१८ टाकले तर भिंत ९० मि.मी. आणि एकूण उंची ६३७ मि.मी. होते. म्हणजे वरच्या बाजूला १० मि.मी. जागा गेली आणि दोन्ही बाजूंना १०-१० मि.मी. गेली. वर लागले नाही तरी ते चेन कव्हरला किंवा ब्रेकच्या टाय रॉडला लागेल. जुन्या गाड्यांच्या २.७५-१८ च्या जागी ३.००-१८ टाकले तरी वर सुमारे ६ मि.मी. कमी होतात. कंपनीने दिलेला नंबरच घाला. हे हिशेब कागदावरचे आहेत. टायरची बनावट व रिमची रुंदी बदलली तर प्रत्यक्ष मापात थोडा फरक पडतो.

हवा: येथे एक गैरसमज दूर करायला हवा. वर मडगार्डला घासते म्हणून हवा वाढवून उपयोग नाही. हवा कमी असली की टायर खाली, रस्त्याला टेकते तिथे चपटे होते. वरच्या बाजूचे अंतर बदलत नाही. मात्र डबलसीटसाठी कंपनीने मागच्या टायरला जास्त हवा सांगितलेली असते, ती पुस्तिकेत किंवा गाडीवरच्या पट्टीवर पाहून भरलीच पाहिजे. नाही तर टायर तापते आणि गाडी डोलते.

चाकाचे सरळपण: पंक्चर काढताना किंवा चेन ओढताना आस एका बाजूला जास्त सरकतो. दोन्ही बाजूंच्या ॲडजस्टरच्या खुणा सारख्या आहेत का पाहा. मागच्या टायरच्या दोन्ही बाजूंनी दोरी ताणून पुढच्या चाकापर्यंत नेली, की चाक तिरके असेल तर लगेच दिसते. आसावरचे कॉलर डावे-उजवे बदलले गेले किंवा एखादे विसरले, तरी चाक एका अंगाला जाते. नवी चेन टाकल्यावर चाक पुढे येते आणि चिमट्याच्या आतल्या रबरी फडक्याला लागू शकते. चेनची ढील बहुतेक शंभर-सव्वाशे सी.सी. गाड्यांना २० ते ३० मि.मी. असते, तरी त्या गाडीचे पुस्तक पाहावे. चाक खोलले असेल, तर ड्रम ब्रेकच्या टाय रॉडचा नट आणि त्याची पिन परत बसली का, हे दोनदा पाहा. ती निसटली तर ब्रेक दाबताच पूर्ण ड्रम प्लेट फिरते.

रिम, बेअरिंग व बुश: चाक हाताने फिरवा आणि रिमजवळ एक सळई स्थिर धरा. रिम २ मि.मी. पेक्षा जास्त इकडे-तिकडे किंवा वर-खाली होत असेल, तर तारा कसून रिम सरळ करावी. रिम सरळ आणि टायर मात्र डोलत असेल, तर टायरच्या कडेची बारीक रेघ रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर आहे का ते पाहा. नसेल तर हवा सोडून टायर पुन्हा बसवा. नंतर चाक डाव्या-उजव्या बाजूने हलवा. खटखट वाटली, तर ती आसाजवळ आहे की चिमट्याच्या मुळाशी, ते बोट लावून ओळखा. आसाजवळ असेल तर बेअरिंग, मुळाशी असेल तर बुश.

शॉकअप: येथे बहुतेकांचा गोंधळ होतो. वजन पेलते ती स्प्रिंग. आतले तेल वजन पेलत नाही. ते स्प्रिंगची उसळी आवरते. तेल गळाले तर गाडी उभी असताना फारशी खाली बसणार नाही, पण खड्ड्यानंतर दोन-तीनदा उसळेल आणि प्रत्येक उसळीला खोल जाईल. म्हणून उभ्या मापात गाडी जास्त बसली तर स्प्रिंग थकली आहे. माप ठीक असून फक्त चालताना लागत असेल, तर तेल गेले आहे. दांड्यावरचे टेकण रबर झिजून पडले असेल, तर चाक कंपनीने ठरवलेल्या हद्दीच्या वर जाते. हा छोटा तुकडा बहुतेकजण पाहतच नाहीत.

स्प्रिंगच्या टोकाला खाचांची रिंग असते. हुकाच्या पान्याने ती फिरवून पायरी वाढवता येते. डबलसीटसाठी पायरी वर, एकट्यासाठी खाली, आणि दोन्ही बाजूंना सारखीच. पायरी वाढवल्याने स्प्रिंग कडक होत नाही, गाडी काही मि.मी. उंच होते एवढेच. शेवटच्या पायरीवरही तिसरे माप सुधारले नाही, तर स्प्रिंग किंवा शॉकअप बदलावा लागेल. बदलताना नेहमी जोडी बदला, आणि दोन्ही छिद्रांच्या मध्यांतील लांबी जुन्या मूळ भागाशी ताडून पाहा. १० मि.मी. आखूड शॉकअप बसवला, तर चाक निदान तेवढे वर येणार.

हे करू नका

मडगार्ड कापू नका. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२३ प्रमाणे, मागे माणूस बसण्याची सोय असलेल्या मोटारसायकलला पकडण्याची मूठ, पाय ठेवण्याची जागा आणि मागच्या चाकाचा निदान निम्मा भाग झाकणारे संरक्षण असलेच पाहिजे. हेतू स्पष्ट आहे. मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात अडकू नयेत. आपल्या घरच्या बायका ओढणी, साडी किंवा बुरखा घालून एका बाजूला बसतात. कापडाचे टोक आऱ्यांत गेले तर गळ्याला फास बसतो किंवा माणूस फरफटत जातो. ज्याने आवाज बंद करण्यासाठी चाक उघडे केले, त्याने फार मोठी जबाबदारी अंगावर घेतली.

शॉकअपखाली लोखंडी तुकडा जोडून गाडी उंच करू नका. त्याने चेनची ढील, स्टँड आणि हेडलाइटचा झोत, सारेच बिघडते. स्प्रिंगच्या वेढ्यांत रबराचे गोळे कोंबू नका. स्प्रिंग तापवू नका. गॅस भरलेला शॉकअप उघडू, तापवू किंवा वेल्डिंगला लावू नका. त्यात दाब असतो. घासून धागे उघडे पडलेले किंवा भिंतीला चीर गेलेले टायर पुन्हा वापरू नका. दुचाकीच्या टायरची नक्षी ०.८ मि.मी. पेक्षा कमी झाली तर ते नियमानेही बाद आहे.

आणि एक गोष्ट स्पष्ट सांगायला लाजू नये. मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम १२८ चालवणाऱ्याखेरीज एकाच माणसाला मुभा देते. नवरा, बायको, दोन मुले आणि पुढे गोणी, एवढ्या भाराला कोणताही शॉकअप पुरणार नाही. अशा वेळी "शॉकअप बदलतो" असे म्हणून पैसे घेणे म्हणजे गिऱ्हाइकाला अर्धेच सत्य सांगणे.

धंद्याचा हिशेब

गॅरेजवाला विचारील, एवढी तपासणी करत बसलो तर पोट कसे भरेल? उत्तर सोपे आहे. तपासणीची मजुरी वेगळी ठेवा आणि गाडीला हात लावण्यापूर्वी सांगा. क्रम स्वस्ताकडून महागाकडे ठेवा: आधी धुणे व बोल्ट, मग चाक सरळ करणे, मग पायरी, मग बुश, आणि शेवटी शॉकअप व टायर. काढलेला जुना भाग गिऱ्हाइकाच्या हातात द्या. काम झाल्यावर मागे माणूस बसवून खराब रस्त्यावर स्वतः फेरी मारा, आणि फेरीनंतर आसाचे नट, टाय रॉड व दिवा पुन्हा पाहा. ज्या गॅरेजात वीस रुपयांच्या बोल्टचे काम वीस रुपयांच्या बोल्टनेच होते, तिथे इंजिन खोलण्याचे मोठे कामही विश्वासाने येते.

पैगंबर मुहम्मद (स.) यांनी बाजारातील धान्याच्या राशीत हात घातला, तेव्हा वर कोरडे आणि आत ओले धान्य निघाले. ओला भाग वर का ठेवला नाही, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले. हा प्रसंग आपण जुम्म्याच्या बयानात ऐकतो आणि तो धान्यवाल्यांसाठी आहे असे समजतो. मडगार्ड कापून बंद केलेला आवाज ही तशीच रास आहे. वरून कोरडी, आत ओली. गाडीचे आतले दुखणे गिऱ्हाइकाला दिसत नाही. ते कारागिराला दिसते, म्हणून ते त्याच्याकडे अमानत आहे.

आपल्या भागातील पुष्कळ तरुण या हुन्नरावर हलाल रोजी कमावत आहेत. त्यांनी टेप, कागदी चिकटपट्टी आणि वही या तीन वस्तू पान्यांच्या पेटीत ठेवाव्यात. त्यांना फार खर्च येत नाही. मागच्या सीटवर बसलेल्या आई-बहिणीचा आणि मुलांचा जीव त्या मापांवर अवलंबून आहे, एवढे भान ठेवून काम केले तर इन्शाअल्लाह कमाईतही बरकत राहील.